टॉवरखालची विहीर

आमच्या घरामागच्या भाजीच्या वाडीत मोबाईलचा टॉवर आला तो माझ्या जाऊबाईंच्या हट्टापायी. भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, आधी तयार नव्हते. माझा नवरा म्हणत होता की ती जागा विहिरीच्या फार जवळ आहे. मला टॉवर हवा होता, पण मी घरातली धाकटी सून, मला कुणी विचारलं नाही.

आमचं गाव करडी गावाच्या अलीकडे. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, मध्ये वस्ती, वस्तीला लागून तलाव. दोन्ही भावांचं घर एकच, चूलही एकच. घरामागे वाडी आणि वाडीत सासऱ्यांच्या वेळची विहीर. उन्हाळ्यातही ती आटत नसे, म्हणून शेजारच्या बायासुद्धा पाण्याला आमच्याकडेच येत. वाडी जाऊबाईंची होती. कागदावर नव्हे, पण सगळं गाव तसंच म्हणायचं. वांगी, मिरच्या, मेथी आणि सांभार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात. बाजाराच्या दिवशी त्या टोपली घेऊन करडीला जात आणि दुपार व्हायच्या आत रिकामी करून येत. त्यांच्या वांग्यांसाठी बाया थांबून राहत. एरवी त्यांचं बोलणं कमी. पण वाडीत शिरल्या की त्यांच्या चालण्यात एक ऐट यायची.

त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन सुरतला गेली, जावई तिथं कापडाच्या कारखान्यात आहेत. टाळेबंदीत तिला मुलगी झाली. बाळंतपणाला तिला माहेरी येता आलं नाही आणि जाऊबाईंना तिकडे जाता आलं नाही. शिवून ठेवलेली दुपटी पेटीतच राहिली. नात दिसायची ती फक्त मोबाईलवर, आणि मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त तलावाच्या उंच पाळीवर.

मी अंगणवाडीत काम करते. पोरांची हजेरी, वजन, उंची, सगळं फोनवर भरावं लागतं. त्यामुळे मीही त्याच पाळीवर. भर उन्हात पदर डोक्यावर ओढून आम्ही दोघी जावा उभ्या राहायचो. माझी माहिती वर चढत नसे आणि त्यांची नात मधेच अडकून पडे. एकदा बाळ जांभई देता देता थिजलं, तोंड उघडं ते उघडंच. जाऊबाई तेच चित्र बघत राहिल्या. मी म्हटलं, "बाई, बंद करून परत लावा ना." त्या म्हणाल्या, "राहू दे. बंद केलं तर एवढंही नाई दिसणार."

पुढच्या हिवाळ्यात कंपनीची माणसं जागा बघत गावात आली. त्यांना वस्तीच्या जवळची, थोडी उंचावरची जागा हवी होती. आमच्या वाडीचा मागचा कोपरा त्यांना पटला. नवऱ्यानं विहिरीचं विचारलं तेव्हा त्यांच्यातला एक हसून म्हणाला, "काका, खाली पक्कं काँक्रीट राहते. विहिरीचा काय संबंध?" भासऱ्यांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी जेवताना जाऊबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "माही नात रांगाले लागली. चालाले लागन तेव्हा तरी मले नीट दिसू द्या." भासऱ्यांनी मान हलवली.

टॉवर उभा राहिला आणि काही महिने घरात खरोखरच आनंद होता. खोटं कशाला सांगू. माझी माहिती अंगणवाडीच्या ओट्यावर बसल्या बसल्या वर जाऊ लागली. पुरुष मंडळी संध्याकाळी क्रिकेट लावून बसत. आणि जाऊबाई वाडीत काम करताना फोन वांग्याच्या झाडाला आधाराला लावलेल्या काडीला टेकवून ठेवत. तिकडे मुलगी आपला फोन ओट्यावर उभा करी. बोलणं फार नसे. इकडे त्या वाफ्यातलं गवत निंदत, तिकडे मुलगी पोळ्या लाटत असे, आणि नात मधूनमधून पडद्यासमोर येऊन नाक दाबून जाई. फोन असा तासन् तास चालू राही. नात "आजी" म्हणायला शिकली ती या वाडीकडे बघूनच. तिला वांगी ओळखू येत. जाऊबाई एकेक तोडून पडद्यासमोर धरत आणि ती तिकडून ओरडे, "जांभळं!"

टॉवरच्या पायथ्याशी एक जनरेटर होता. आमच्याकडे लाईन जाते ती जातेच, आणि पावसाळ्यात तर दिवसदिवस येत नाही. लाईन गेली की तो आपोआप सुरू होई. घरात पंखा बंद, चूल आणि चिमणीचा उजेड, पण सगळ्यांच्या हातात फोन चालू. वाडीत त्याची धडधड एवढी असे की जाऊबाईंना नातीशी ओरडून बोलावं लागे. पिकअपमधून डिझेलचे ड्रम येत. भरणारा माणूस पाईप लावून बाजूला बिडी ओढत बसे. पाईप काढताना डिझेल सांडे, मग तो त्यावर बुटानं माती ओढी. जाऊबाई त्याला एकदोनदा बोलल्या. तो म्हणाला, "इतकुसं तर सांडते, बाई."

पहिल्यांदा दिसली ती काजळी. मेथीच्या पानांवर, सांभारावर. जाऊबाई बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जुड्या धुवून ठेवू लागल्या. हात काळे होत. पण धुवून निघतं म्हणून आम्ही सगळ्यांनीच सोडून दिलं.

मग पुढच्या पावसाळ्यात, श्रावणात, विहीर काठोकाठ भरलेली असताना, माझ्या नवऱ्यानं भाताचा पहिला घास परत ताटात ठेवला.

"भाताले वास कायचा येते?"

मला वाटलं भाताचा गंज, म्हणजे पातेलं, नीट धुतला गेला नाही. मी दुसऱ्या गंजात भात लावला. तोच वास. मी सरळ विहिरीवर गेले. पाण्यावर पातळसा तवंग होता, हलला की निळा, जांभळा, पिवळा दिसणारा. रस्त्यावर गाडी उभी राहून गेली की पावसाच्या डबक्यात दिसतो तसा.

मी जाऊबाईंना बोलावलं. त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पानं सडले असतील."

"बाई, डिझेलचा वास आहे."

"डिझेल कसं येईन? मधे काँक्रीट आहे, जमीन आहे."

"वास घेऊन पहा ना."

त्यांनी पाण्याचा गुंड, म्हणजे हंडा, भरून वर काढला. तवंग हातानं बाजूला सारला, लोटा बुडवला आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायल्या. "काही नाई," म्हणाल्या. "उगाच वहीम आहे तुमचा."  थोड्या वेळानं ढोरांच्या कोठ्यामागून ओकण्याचा आवाज आला. मी गेले तर त्या भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. मला बघून पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "शेजारच्या बायांना सांग, आज पाणी नेऊ नका म्हणून."

त्या दिवसानंतर शेजारच्या बाया आमच्या विहिरीवर आल्या नाहीत. त्या गावातल्या हातपंपावर जाऊ लागल्या, आणि आम्हीही. त्या रांगेत आमच्याशी बोलणं तुटक झालं. कुणी भांडलं नाही, पण एक म्हातारी एकदा मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आपल्या हातानं विहीर बाटवून घेतली."

कंपनीच्या नंबरवर भासरे रोज फोन लावत. आधी गाणं वाजे, मग एक, दोन, तीन दाबायला सांगत, मग फोन कटे. शेवटी माणसं आली. त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून नेलं. त्या बाटलीचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. भासऱ्यांनी विचारलं की डिझेलच्या टाकीला खालून भोक पडलंय का ते तरी बघा. ते म्हणाले, ते काम दुसऱ्या एजन्सीकडे असते.

मग ग्रामपंचायतीत विषय काढला. सरपंचांनी गावाला बोलावलं. चावडीसमोर बरेच लोक जमले. सरपंच नीट माणूस आहेत, त्यांनी सरळ विचारलं, "टॉवर काढा म्हणून लिहायचं का?"  मग एकजण म्हणाला, राशनचं अंगठ्याचं मशीन त्याच्यावर चालते. दुसरा म्हणाला, पोरांचे क्लास. एकीचा नवरा बाहेरगावी होता, पैसे फोनवर येत. मी स्वतः अंगणवाडीची, मी काय बोलणार होते? नुसता जनरेटर काढा म्हणावं, असं माझ्या नवऱ्यानं सुचवलं. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "मंग लाईन गेल्यावर?" लोक हसले नाहीत, तोंड फिरवून बसले. बऱ्याच जणांच्या मांडीवर फोन होता. आम्ही उठून आलो. वाटेत जाऊबाई म्हणाल्या, "त्याहींचं काही चुकत नाई." 

उन्हाळ्यात भासऱ्यांनी विहीर उपसायचं ठरवलं. मोटार लावून सगळं पाणी काढलं. ते नालीनं खालच्या बोडीत गेलं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, ढोरं तिथं पाणी पितात. तीनचार दिवसांत बोडीच्या कडेला लहान मासळ्या पांढरी पोटं वर करून लागल्या. भासऱ्यांनी लोकांची माफी मागितली, आणि ढोरं तिकडे जाऊ नयेत म्हणून काट्या आणून टाकल्या. विहिरीत उतरलेली माणसं आंबागडकडची, आयुष्यभर विहिरी उपसणारी. ती थोडा थोडा वेळच खाली टिकत होती. वर आली की डोकं धरून बसत. टॉवरकडच्या बाजूची माती काळी, चिकट निघाली, टोपल्यांवर टोपल्या. ती कुठं टाकावी हेही कळेना. वाडीच्या कोपऱ्यात ढीग घातला, तो अजून तिथंच आहे. त्यावर गवत उगवत नाही.

मग झरे पुन्हा वाहू लागले आणि पाणी स्वच्छ आलं. जाऊबाईंनी विहिरीची पूजा केली, नारळ फोडला. सुरतेला फोन लावून नातीला पाणी दाखवलं. आम्ही प्यायलो. गोड होतं. मला आठवतं, मी त्या दिवशी दोन तांबे पाणी उभ्या उभ्या प्यायले.

पहिला जोराचा पाऊस झाला आणि आठवडाभरात तवंग परत आला. जमिनीत जे मुरलं होतं ते पावसाबरोबर झिरपून विहिरीत उतरत होतं. ते उपसून संपणारं नव्हतं. जनरेटर तर चालूच होता.

वाडीला दुसरं पाणी नव्हतं. हातपंपावरून किती आणणार? जाऊबाई तेच पाणी वांग्यांना देत राहिल्या. तवंग बाजूला सारून खालचं पाणी काढत. झाडांची पानं आत वळली, फुलं गळू लागली, तरी थोडीफार वांगी धरली. ती घेऊन त्या करडीच्या बाजाराला जात राहिल्या. एका बाजारी दुपारनंतरही आल्या नाहीत. आल्या त्या उन्हं कलल्यावर, टोपली रिकामी. मला वाटलं विकली गेली. दोन दिवसांनी त्यांच्याशेजारी बसणारी भाजीवाली अंगणवाडीत नातवाला सोडायला आली, तिनं सांगितलं. नेहमीची एक गिऱ्हाईक बाई आदल्या बाजारी नेलेली वांगी परत घेऊन आली होती. भांडायला नाही, समजवायला. म्हणाली, "बाई, भाजीले घासलेटाचा वास येऊन राहिला. आमच्या घरी कुणी जेवलं नाई." जाऊबाईंनी तिला पैसे परत केले, बाकीची वांगी बाजारामागच्या नाल्यात ओतली आणि संध्याकाळपर्यंत तिथंच एका झाडाखाली बसून राहिल्या.

त्या पुन्हा बाजाराला गेल्या नाहीत.

त्याच सुमारास मला लक्षात आलं की सुरतेचा फोन वाजत राहतो आणि त्या उचलत नाहीत. मुलीनं मला लावून विचारलं, "काकू, आई रागावली का?" मी फोन त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी मान फिरवली. फोन बंद करून मी विचारलं, "काहून नाई बोलत, बाई? पोरगी रडकुंडीला आली."

त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तो टॉवर पाहाले येते ना माणूस, त्याले मी विचारलं. तो म्हणे, संध्याकाळी सगळे फोन घेऊन बसतेत, तवा मशीनवर जोर येते. तवा जास्ती डिझेल खाते. चित्र दिसते तो फोन लय ओढते म्हणे."

"मग?"

"मी दिवस दिवस लावून ठेवत होती. बोलत बी नव्हती, नुसता लावून."

"तुमच्या एकटीच्या फोननं काय होते? सगळं गाव लावते. सगळी दुनिया लावते."

"सगळेच आपापल्या घरी एकेकच लावतेत ना वो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही.  मी त्यांच्यापुढचं सूप ओढून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.

रविवारी मात्र मुलीशी त्या बोलत. चित्र न लावता, फक्त आवाज, तोही थोडा वेळ. मुलीला हे समजलं नाही. तिला वाटलं आई म्हातारी व्हायला लागली.

एक दिवस कंपनीचा ट्रक आला आणि जनरेटर उचलून घेऊन गेला. त्याच्या जागी बॅटऱ्यांचं कपाट बसवलं. आमच्या तक्रारीमुळे नव्हे, सगळीकडेच तसं करत होते म्हणे. विहिरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ग्रामपंचायतीनं विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहून घेतलं की पाणी पिण्यास अयोग्य आहे. भासऱ्यांनी वर पत्र्याच्या टिना टाकून दगड ठेवले. घराच्या दुसऱ्या बाजूला बोअर मारली, तिचं पाणी लालसर येतं. कपडे धुवायला चालतं, भात लाल होतो. वाडीपुरतं तेही पुरत नाही. वाडी आता उजाड आहे. आणि जाऊबाई, ज्यांनी उभ्या जन्मात दुसऱ्याच्या बांधीत पाय टाकला नव्हता, त्या रोवण्याला आणि कापणीला मजुरीनं जाऊ लागल्या. भासरे नको म्हणाले. त्या म्हणाल्या, "घरी बसून करू काय?"

मागच्या उन्हाळ्यात मुलगी आली. नात पहिल्यांदाच. आम्ही भंडारा रोड स्टेशनवर आणायला गेलो. पोरगी आजीला बिचकली नाही, लगेच कडेवर आली, आवाज ओळखीचा होता ना. घरी पोचल्या पोचल्या ती आजीचं बोट ओढत मागच्या दारी गेली. तिला जांभळी वांगी बघायची होती. जाऊबाईंनी तिला सांगितलं की उन्हाळ्यात वांगी झोपतात. पोरीनं विश्वास ठेवला. मुलीनं नाही ठेवला. तिनं टिना बघितल्या, कठड्यावरची लाल अक्षरं वाचली आणि आईकडे वळून म्हणाली, "मले काहून नाई सांगितलं?" जाऊबाई म्हणाल्या, "तुही पोरगी पाहाचं होतं मले. मंग तुले काय सांगू?"

मुलगी महिनाभर राहणार होती. पोरीसाठी मोहाडीहून पाण्याचे कॅन आणले, तरी तिचं पोट बिघडलं. कशानं ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, पण मुलगी घाबरली. लवकरच निघाली. पुन्हा येण्याचं काही ठरलेलं नाही.

आमची विहीर गेल्यावर शेजारच्या एका बाईनं आपल्या अंगणामागे नवीन विहीर खोदली. तीच बाई पूर्वी आमच्याकडून पाणी न्यायची. आता प्यायचं पाणी आम्ही तिच्याकडून आणतो. ती मनानं चांगली आहे, कधी नाही म्हणत नाही. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीची माणसं गावात आली. आहे तो टॉवर आता पुरत नाही, रेंज असून व्हिडिओ फिरत राहतात, अशी सगळ्यांचीच ओरड आहे. माझीही आहे. जागा द्यायला या वेळी लोक एकमेकांच्या पुढे झाले. जागा ठरली ती त्या शेजारणीची, तिच्या नव्या विहिरीच्या मागची.

जाऊबाई तिच्याकडे गेल्या. मीही पाण्याला म्हणून सोबत गेले. त्या म्हणाल्या, "विहिरीपासून दूर सांगजो वो. बांध्यांकडे सांगजो. आता जनरेटर नाई ठेवत म्हणतेत, पण लाईन गेली तर काय आणतील सांगता येत नाई."

शेजारीण गुंड भरत होती. तिनं तो माझ्या डोक्यावर चढवून दिला आणि मग म्हणाली, "बाई, तुमी तुमची नात पायली. आता मले माह्या पोराले पाहू द्या."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. जाऊबाईंनी मान हलवली. घरी आल्यावर मी म्हटलं, आपण सरपंचांना तरी सांगू. त्या म्हणाल्या, "त्याहींले काय सांगशीन? तिचं बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या मजुरणींबरोबर बांधीवर गेल्या, आणि त्याच आठवड्यात शेजारणीच्या विहिरीमागे नव्या टॉवरच्या पायाचा खड्डा खणायला माणसं आली.